अनुभव धागा : ‘सुपरमॅन अँड लोइस’च्या पहिल्या पर्वाचा शेवट तुमच्या घरात कसा पाहिला गेला?

‘सुपरमॅन अँड लोइस’ या मालिकेचे पहिले पर्व अमेरिकेत २३ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाले आणि पंधराव्या भागाने १७ ऑगस्ट २०२१ रोजी संपले. आमच्या घरी ते बऱ्याच उशिरा आले. शेवटचे दोन भाग आम्ही एका रविवारी जेवणे उरकून सलग पाहिले, आणि त्यानंतर आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरात ज्या गोष्टी बोलल्या गेल्या त्या एरवी कधी निघाल्याच नसत्या. म्हणून कोल्हापुरातील ओळखीच्या प्रेक्षकांना विनंती केली, की मालिका चांगली की वाईट हे सांगण्याआधी ती पाहताना तुमच्या घरात काय घडले ते लिहा.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते. आई मार्था गेल्यावर क्लार्क केंट आणि त्याची बायको लोइस आपल्या जुळ्या मुलांना, जॉर्डन आणि जोनाथनला, घेऊन महानगर सोडतात आणि स्मॉलव्हिल या गावच्या शेतघरात राहायला येतात. बाप सुपरमॅन आहे हे मुलांना तेव्हाच कळते. शक्ती मिळते ती जॉर्डनला, जो मुळात माणसांना बुजणारा आहे. जोनाथनला ती मिळत नाही. गावात पैसा ओतणारा उद्योगपती मॉर्गन एज हा प्रत्यक्षात टॅल-रो, म्हणजे क्लार्कचा एकाच आईचा पण वेगळ्या बापाचा भाऊ निघतो. सुपरमॅनच्या मूळ ग्रहावरच्या, म्हणजे क्रिप्टनवरच्या, मेलेल्या रहिवाशांची चेतना जिवंत माणसांत उतरवण्याचा त्याचा घाट आहे, आणि शेवटी तो आपल्या बापाची, झीटा-रोची, चेतना जॉर्डनमध्येच उतरवतो. त्या मुलाला त्याची आई परत आणते. माझ्यासाठी सगळे पर्व त्या एका प्रसंगात आहे. आकाशात दोन भाऊ लढत असतात, पण मुलगा परत येतो तो घरच्या आठवणींच्या बळावर.

आता आलेले अनुभव.

शुक्रवार पेठ, दोन मुलांची आई

माझा थोरला मुलगा पेठेतल्या तालमीत जातो. पहाटे साडेचारला उठतो, जोर-बैठका मारतो, हौद्यात उतरतो, आणि परत येतो तेव्हा त्याच्या कानामागे लाल माती चिकटलेली असते. त्याच्या आजोबांनी खासबागेत कुस्ती केली होती, त्यामुळे घरात त्याचा खुराक हा देवाच्या नैवेद्याइतकाच चुकवायचा नसतो. धाकटाही दोन वर्षे तालमीत जाऊन आला, परंतु गुडघा दुखावला आणि नंतर वस्तादांनीच त्याला थांबायला सांगितले. तेव्हापासून रात्री भिजवलेले बदाम सोलून कुंडीत थंडाई घोटायचे काम त्याने आपणहून स्वतःकडे घेतले. मी ते काम त्याच्याकडे आले आहे एवढेच पाहिले. का आले आहे, असे त्याला कधी विचारले नाही.

शेवटच्या भागात जॉर्डनच्या अंगात तो परका शिरल्यावर घरातले सगळे त्याच्या काळजीने श्वास रोखून बसले होते. मधल्या काही मिनिटांत जोनाथन पडद्यावर नव्हता. धाकटा म्हणाला, “आई, मागं घे जरा. जोनाथन कुठं उभा हाय ते बघायचंय मला.” मी मागे घेतले. त्याने ते पाहिले आणि पुढे जाऊ दिले, बाकी काही बोलला नाही.

या मुलाने शहरातले मित्र सोडले, मैत्रीण गेली, फुटबॉलच्या संघात जमलेले स्थान गेले, आणि ज्या भावाला आजवर तो सांभाळत आला तोच भाऊ एका रात्रीत घराचा आशेचा दिवा झाला. तरीही तो भावाचा दुस्वास करत नाही. चिडतो, हट्टाने चुका करतो, पण वेळ आली की भावाच्या बाजूला उभा राहतो. लेखकांनी पर्व संपतानाही त्याला शक्ती दिली नाही, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. ती दिली असती तर माझ्या धाकट्याला त्या घरात जागाच उरली नसती.

त्या रात्री कुंडी धुऊन ठेवताना मी त्याला विचारले, की तुझ्यासाठीही एक पेला काढत जाऊ का. तो म्हणाला, “मला बदाम आवडतच नाहीत. पण विचारलंस ते बरं केलंस.”

शिवाजी विद्यापीठ परिसर, पदव्युत्तर विद्यार्थी

मला शेवट पूर्णपणे पटला नाही, आणि ते मी स्पष्टपणे लिहितो. बाराव्या भागात क्लार्क स्वतःच एका मेलेल्या क्रिप्टनवासीयाच्या चेतनेच्या ताब्यात गेलेला असतो आणि दुसऱ्या पृथ्वीवरून आलेला जॉन हेन्री आयर्न्स त्याला मारायला आलेला असतो. तेथे जो ताण उभा राहिला, तोच ताण शेवटच्या भागात जॉर्डनच्या रूपाने पुन्हा वापरला गेला, आणि दुसऱ्यांदा वापरलेल्या गोष्टीची धार कमी होते. माझ्या मते पर्वाचा खरा कळस अकरावा भाग आहे, ज्यात क्लार्कचे तारुण्य, लोइसची पहिली भेट आणि त्यांचा संसार हे सारे एका सलग आठवणीसारखे उलगडते, आणि त्या आठवणीच शत्रूच्या हातातील हत्यार आहेत हे उशिरा कळते.

परंतु टॅल-रोविषयी मला कणव वाटली, हेही सांगितले पाहिजे. तोही लहानपणी पृथ्वीवर पडलेला पोर होता. क्लार्कला केंट दांपत्याने पोटाशी धरले आणि याला माणसांनी छळले. आयुष्यभर तो ज्या बापाचा शब्द झेलत राहिला, त्या बापाने त्याला एकदाही ‘शाबास’ म्हटले नाही. आमच्या वसतिगृहात स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्न करणारी मुले आहेत, ज्यांना ती परीक्षा मुळात द्यायचीच नव्हती. झीटा-रो समोर येतो तेव्हा टॅल-रोच्या खांद्यांत जो आखडलेपणा दिसतो, तो घरून फोन आल्यावर मी माझ्या खोलीतल्या मित्राच्या खांद्यांत पाहिला आहे. ॲडम रेनर या नटाने हे काम फार समजून केले आहे. खलनायकाला हरवल्यावर त्याची ही बाजूही थोडी पुढे न्यायला हवी होती. शेवटच्या भागात तेवढी उसंत नव्हती.

बुधवार पेठ, पूरकाळात बचावकार्य करणारा एक स्वयंसेवक

मालिकेचा शेवट अमेरिकेत दाखवला गेला त्याच्या तीन-साडेतीन आठवडे आधी आमच्याकडे पंचगंगेला पूर आला होता. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळकरी पोरही सांगते. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांपर्यंत गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, आणि चिखली-आंबेवाडीकडची माणसे व जनावरे बाहेर काढायला आम्ही रबरी बोटी घेऊन निघालो. २०१९ सालीही निघालो होतो. दोन्ही वेळा घरून निघताना माझी मुलगी दारात उभी होती आणि दोन्ही वेळा मी तिच्याशी बोलणे अर्धे टाकून निघालो.

या मालिकेत क्लार्क सतत असेच करतो. मुलाशी काही तरी महत्त्वाचे बोलत असतो, मध्येच त्याची मान किंचित वळते, डोळे दुसरीकडे जातात, आणि मुलाला कळते की आता बाबा जाणार. टायलर हेकलिन या नटाने ती मान वळवण्याची क्रिया इतकी बारकाईने केली आहे, की ती प्रत्येक वेळी पाहताना मला माझ्या खिशातला फोन वाजल्यासारखे व्हायचे. शेवटच्या भागांत हाच माणूस, सगळे जग वाचवण्याच्या धावपळीत, आपल्याच मुलाला शत्रूच्या हातून ओढून आणायला निघालेला असतो. माझ्या बायकोने त्या वेळी माझ्याकडे पाहिले. मी मात्र पडद्याकडेच पाहत राहिलो.

भाग संपल्यावर मी मुलीला म्हणालो, “बघ, त्यालाही सारखं जावं लागतं.” ती म्हणाली, “बाबा, पण त्याला घरातलं ऐकू येतंय की. तुमचा फोन दोन दिवस लागत नव्हता.”

२०२१ च्या पुरात वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, आणि त्या दोन दिवसांत घरात काय चालले होते हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. त्या रात्री तिने सांगितले. देवघरातली समई तिने विझू दिली नव्हती आणि तेल संपत आल्यावर शेजारच्या काकूंकडून वाटीभर मागून आणले होते. आता बोटीवर जाताना आमच्या गटातील एक जण रेंज असलेल्या ठिकाणी थांबतो आणि प्रत्येकाच्या घरी निरोप पोहोचवतो. ही सोय आधीच करायला हवी होती.

राजारामपुरी, निवृत्त बँक कर्मचारी

इतरांनी मुलांबद्दल लिहिले आहे, मी केंटांच्या शेतघराबद्दल लिहितो. पहिल्याच भागात कळते की मार्थाने घर-शेत रिव्हर्स मॉर्टगेजवर, म्हणजे राहते घर तारण ठेवून बँकेकडून पैसे घेण्याच्या सोयीवर, ठेवून गावातल्या अडलेल्यांना पैसे दिले होते. आपल्याकडे ही सोय २००७ पासून आहे, पण ती साठी ओलांडलेल्यांच्या राहत्या घरापुरतीच आहे आणि शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे हा धागा कित्येकांच्या डोळ्यांखालून निसटला असेल. बुडत्या गावाला मॉर्गन एजने नोकऱ्यांची आशा दाखवणे हे त्याच कर्जाच्या सावलीत घडते. शेवटाकडे गाव सारा राग काढते तो एजला पाठिंबा दिलेल्या काइल कुशिंगवर, आणि त्याचे कुटुंब गाव सोडायच्या बेतात येते. मी साखर कारखान्याच्या परिसरातील शाखेत अकरा वर्षे काढली. फसवणारा निघून जातो, आणि गावात राहिलेल्या जामीनदाराच्या दारावरून माणसे मान फिरवून जातात, हे मी माझ्या टेबलावरून पाहिले आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ पासून कायदा लागू आहे, पण मान फिरवण्याला कायदा लागू होत नाही. कुशिंग कुटुंब गावातच राहते हे पाहून मला फार बरे वाटले.

गोकुळ शिरगाव, फाउंड्री कामगार

माझे थोडेच आहे. जॉन हेन्री आयर्न्सजवळ जन्मजात शक्ती कोणतीच नाही. चिलखत त्याने स्वतः घडवलेले आहे आणि हातात घण आहे. हे पात्र कॉमिक्समध्ये १९९३ साली आले आणि त्याचे नाव घण मारणाऱ्या लोकगीतातल्या कामगारावरून ठेवले, असे माझ्या मुलाने शोधून सांगितले. आम्ही भट्टीजवळ दिवसभर उभे असतो. साच्यात रस ओतताना हात हलला तर सगळे काम भंगारात जाते, त्यामुळे लोखंड हाताळणाऱ्या माणसाकडे मी कसा उभा राहतो तेच आधी पाहतो. तो बरोबर उभा राहतो. शेवटच्या लढतीत टॅल-रोवर त्याचा घण पडला तेव्हा आमच्या घरात टाळ्या वाजल्या, आणि सेकंड शिफ्ट करून आलेला मी जेवायचा थांबलो होतो.

उत्तरेश्वर पेठ, एक आई

शेवटच्या दृश्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते.

लढाई संपलेली असते, शेतघरात सारे शांत झालेले असते, आणि आकाशातून एक यान येऊन पडते. आतून जॉन हेन्रीची मुलगी नॅटली बाहेर येते. ती दुसऱ्या पृथ्वीवरची आहे, जिथे लोइस तिची आई होती आणि सुपरमॅनच्या हातून मारली गेली. ती समोर उभ्या असलेल्या लोइसला पाहते आणि आई म्हणून हाक मारते. पर्व तिथे संपते.

ज्यांनी आठवा भाग नीट पाहिला असेल त्यांना आठवेल, की या लोइसच्या पोटातले बाळ गेले होते आणि त्या मुलीचे नाव तिने नॅटलीच ठरवले होते. ते दुःख तिने वर्षानुवर्षे दाबून ठेवले आणि ते मुलावर ओरडण्याच्या रूपाने बाहेर पडले. एलिझाबेथ टुलॉक यांचा त्या भागातला अभिनय मी एकदाच पाहू शकले.

माझी मुलगी सातव्या महिन्यात गेली. त्याला आता नऊ वर्षे झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर मला सांगण्यात आले, की त्याविषयी बोलायचे नाही, बोलल्याने पुढच्या बाळंतपणाला बाधा होते. तिच्यासाठी शिवलेली दोन झबली सासूबाईंनी कुठे ठेवली हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. पुढे मुलगा झाला, घर भरले, आणि तो विषय कोणाच्याच तोंडी आला नाही.

शेवटचा भाग मी आणि सासूबाई दोघीच पाहत होतो. त्यांना ही मालिका आवडू लागली होती ती मार्थामुळे, मेलेली असूनही ती घरातून जात नाही, असे त्या म्हणत. ती मुलगी यानातून बाहेर आली आणि तिने हाक मारली, तेव्हा लोइसचा चेहरा काही क्षण पडद्यावर राहतो. मला वाटले आता त्या उठून पाणी प्यायला जातील, कारण असे काही आले की त्या नेहमी उठतात. त्या उठल्या नाहीत. नावे वर सरकू लागली तरी आम्ही दोघी बसून होतो.

मग त्यांनी विचारले, “तू तिचं नाव काय ठेवणार होतीस गं?”

मी सांगितले. त्यांनी ते नाव एकदा उच्चारले, बरोबर उच्चारले का असे मला विचारले, आणि आत जाऊन लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून लुगड्यात गुंडाळलेली ती झबली आणली. एकाच्या नाडीला अजून शिवणाचा खडू लागलेला होता.