मुलाखतीत ऐनवेळी काहीच आठवत नाही, काय करू?

पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे, हिशेब विभागातली जागा. चार वर्षांचा अनुभव आहे, काम येतं. पण समोर तीन माणसं बसली की तोंडाला कोरड पडते. मागच्या वेळी ‘एखादा अवघड प्रसंग सांगा’ म्हणाले आणि मी ‘मी खूप मेहनती आहे’ हेच फिरून फिरून सांगत राहिले. जिना उतरताना मात्र भराभर सगळं आठवलं. शिवाय आईच्या आजारपणात आठ महिने घरी होते, तो विषय निघाला की गळा दाटून येतो. कृपया सुचवा.

प्रतिसाद १
मी बरीच वर्षं मुलाखती घेते. पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण देतात. १९९८ साली श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी नोकरभरतीवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हाही गप्पावजा मुलाखतींपेक्षा अशा आखीव मुलाखतीच जास्त भरवशाच्या ठरल्या. आता ‘मेहनती’ या शब्दाला मी गुण कशावर देणार? जिन्यात काय आठवलं ते इथे लिहा बघू.

धागाकर्ती
ताळा जुळत नव्हता, ५४० चा फरक येत होता. सगळे पहिल्यापासून नोंदी तपासायला बसले. फरकाला ९ ने भाग जातो हे माझ्या लक्षात आलं, दोन आकडे उलटसुलट पडले की असाच फरक येतो, म्हणून तसंच झालं असेल असं वाटलं. तेवढंच शोधलं, तर ७१० च्या जागी १७० लिहिलेले सापडले.

प्रतिसाद १
अहो, हेच सांगायचं! अडचण काय होती, तुमच्याकडे काय काम होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं. याला स्टार पद्धत म्हणतात. पुढे तशी चूक होऊ नये म्हणून काही केलं असेल तर तेही जोडा. असे चार-पाच प्रसंग काढून ठेवा आणि मोठ्याने बोलून पाहा, मनातल्या मनात नको. पाठ मात्र करू नका, पाठ केलेलं लगेच कळतं. आठवायला वेळ लागला तर ‘जरा विचार करून सांगते’ म्हणा, कोणी गुण कापत नाही. आणि जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगा. थापा पुढच्याच प्रश्नाला उघड्या पडतात.

प्रतिसाद २
आठ महिन्यांबद्दल: ‘घरी आजारपण होतं, आता मी पूर्णवेळ काम करू शकते.’ एवढं बोलून थांबायचं. माझीही दोन वर्षं अशीच गेली होती. स्पष्टीकरण देत बसले तोवर मीच रडकुंडीला यायचे, एका वाक्यावर आणलं तेव्हा सुटले.

प्रतिसाद ३
ज्यांनी विचारलं त्यांच्याकडे बघून उत्तर सुरू करा, मग बाकीच्या दोघांकडेही बघा. जुन्या साहेबांबद्दल वाईट बोलू नका, खरं असलं तरी.

धागाकर्ती
खूप आभार. आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणाले तर?

प्रतिसाद १
विचारायचंच. ‘पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कोणतं काम व्हायला हवं?’ हे विचारा आणि उत्तर नीट ऐका. तिथे जायचं की नाही, हे तुम्हालाही ठरवायचंय.