मदत हवी आहे: मेसाचं बिल्ड लिबडीआरएमपाशी अडलंय

मंडळी, डेबियन १२ (लिनक्स) वर नवीन मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) सोर्समधून बिल्ड करतोय. बिल्डला लागणाऱ्या गोष्टींपैकी आधी पायथनचं माको नव्हतं, मग बायसन आणि फ्लेक्स. ते सगळं टाकून झालं. आता मेसन (बिल्डची तयारी करणारं टूल) म्हणतं, लिबडीआरएम (ग्राफिक्स कार्डाशी बोलणारी लायब्ररी) २.४.११४ सापडलं, पण याहून नवीन हवं. म्हणून नवीन लिबडीआरएम होम फोल्डरमध्येच बिल्ड केलं (सिस्टीमच्या फाइलींना हात लावून एकदा काळी स्क्रीन पाहिलीय, पुन्हा नको). पीकेजी-कॉन्फिगचा (लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या टूलचा) पाथ एक्सपोर्ट केल्यावर टर्मिनलमध्ये नवीन व्हर्जन नीट दिसतं, मेसन मात्र जुनंच धरून बसलंय. बिल्ड फोल्डर पाथ देण्याआधीचाच आहे. मेसन जुना पाथ लक्षात ठेवतं का? फोल्डर उडवून पुन्हा सेटअप करू, की अजून काही राहिलंय?