एफएनपी झाल्यावर मानसोपचाराचे पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट: अर्जापूर्वी काय तपासावे?

सायली, न्यू जर्सी

नमस्कार. महाराष्ट्रातून बीएस्सी नर्सिंग करून मी अमेरिकेत आले, येथे एमएसएन (परिचर्येतील पदव्युत्तर पदवी) पूर्ण केले आणि आता काही वर्षे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एफएनपी, म्हणजे रुग्ण तपासून उपचार करणारी प्रगत परिचारिका) म्हणून एका प्राथमिक उपचार केंद्रात काम करते आहे. मधुमेहाच्या तपासणीसाठी आलेले रुग्ण बोलता बोलता झोप लागत नाही, छातीत धडधडते, जगण्यात रस उरला नाही असे सांगू लागतात. मुलांकडे राहायला आलेले आपले वडीलधारे तर समोर मराठी बोलणारे कोणी भेटले, की वर्षानुवर्षे मनात ठेवलेले सांगतात. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे, तर भेटीची तारीख फार लांबची मिळते. त्यामुळे पीएमएचएनपीचे, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरच्या मानसिक आरोग्य शाखेचे, पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करण्याचे मी ठरवले आहे. दोन विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम निवडले आहेत. माझे एमएसएनचे विषय पुन्हा करावे लागतील का, भारतातील गुणपत्रके लागतील का आणि उद्देशपत्रात नेमके काय लिहावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

अनघा, पीएमएचएनपी, इलिनॉय

सायलीताई, सर्वात आधी दोन्ही अभ्यासक्रमांना सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए या परिचर्या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का, ते पाहा. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमानंतर एएनसीसी या प्रमाणन संस्थेच्या परीक्षेला बसता येणार नाही आणि मग बाकी कशालाच अर्थ राहत नाही.

पुढचा टप्पा गॅप अॅनालिसिसचा. तुम्ही पूर्वी जे शिकलात ते नव्या शाखेच्या गरजांशी ताडून, काय माफ करायचे आणि काय शिकवायचे हे विद्यापीठ त्यात ठरवते. प्रगत विकृतिशरीरशास्त्र, प्रगत औषधशास्त्र आणि प्रगत शारीरिक तपासणी हे तीन विषय एमएसएनमध्ये स्वतंत्रपणे झालेले असतील, तर ते सहसा पुन्हा करावे लागत नाहीत. मात्र औषधशास्त्र बरेच जुने झाले असेल, तर काही ठिकाणी ते पुन्हा करायला सांगतात. केवळ गुणपत्रक न पाठवता त्या विषयांचे तपशीलवार अभ्यासक्रमही जोडा, कारण विषयाच्या नावावरून आत काय शिकवले गेले हे निवड समितीला कळत नाही. आणि हे विश्लेषण प्रवेशशुल्क भरण्याआधी लेखी मागा. फोनवर मिळालेल्या तोंडी आश्वासनाच्या भरवशावर पैसे भरू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

क्लिनिकल तास, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याचे तास, मात्र नव्यानेच करावे लागतात. परीक्षेसाठी एएनसीसीने अनेक वर्षे किमान ५०० पर्यवेक्षित तासांची अट ठेवली होती आणि २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणासाठी ७५० तासांचे प्रमाण घालून दिले. तुमच्या बाबतीत नेमका आकडा किती, हे गॅप अॅनालिसिसमध्येच स्पष्ट करून घ्या. नोकरीत तुम्ही नैराश्याचे कितीही रुग्ण पाहिले असले, तरी ते तास यात धरले जात नाहीत. शिवाय ही शाखा सर्व वयोगटांची असल्याने लहान मुले व किशोरवयीन रुग्णही पाहावे लागतात, आणि किमान दोन मानसोपचार पद्धतींचे प्रत्यक्ष प्रशिक्षण झालेले असावे लागते.

मेघना, टेक्सास

अनघाताईंच्या उत्तराला प्रीसेप्टरचा, म्हणजे क्लिनिकल तासांत देखरेख करणाऱ्या अनुभवी व्यावसायिकाचा, मुद्दा जोडते, कारण अर्जदार तो शेवटी विचारतात आणि सर्वाधिक विलंब तेथेच होतो. प्रीसेप्टर विद्यापीठ मिळवून देते की तुम्हाला शोधावा लागतो, हे अर्जापूर्वी स्पष्ट विचारा. केवळ प्रौढ रुग्णांना औषधे लिहून देणारा एकच प्रीसेप्टर पुरेसा ठरत नाही, हे वर आलेल्या अटींवरून लक्षात येईलच.

ऑनलाइन अभ्यासक्रमाला तुमच्या राज्यातून प्रवेश मिळतो का आणि तो राज्याच्या परवान्याच्या अटी पूर्ण करतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे घ्या. न्यू जर्सी नर्स लायसन्शर कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एका परवान्यावर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या करारात, असले, तरी ती सोय आरएन (नोंदणीकृत परिचारिका) परवान्यापुरती आहे. प्रगत परिचर्येचा परवाना प्रत्येक राज्याचा वेगळाच लागतो, त्यामुळे शेजारच्या राज्यात क्लिनिकल करणार असाल, तर तेथील नियम आधी पाहा.

भारतातील गुणपत्रकांबाबत विद्यापीठांत एकवाक्यता नाही. काहींना एमएसएनचेच गुणपत्रक पुरते, तर काहींना आजवरच्या सर्व पदव्यांची आणि परदेशी पदवीच्या मूल्यांकनाची गरज असते. भारतातील विद्यापीठाकडून थेट गुणपत्रके मागवायची असतील, तर ते काम आजच सुरू करा. नोकरीच्या ठिकाणी शुल्काला साहाय्य मिळते का, तेही विचारा. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा साहाय्यावर तुम्हाला केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही.

उद्देशपत्राविषयी एवढेच सांगते, की "मला लोकांची सेवा करायची आहे" यापेक्षा तुम्ही वर मुलांकडे आलेल्या ज्येष्ठांविषयी जे लिहिले आहे, ते अधिक वजनदार आहे. एफएनपीच्या कार्यकक्षेत अशा रुग्णांसाठी तुम्हाला कोठवर जाता येते, त्यापुढे काय करता येत नाही आणि हे शिक्षण घेतल्यावर काय करता येईल, हे रुग्णांची ओळख उघड न करता मांडा.

वैशाली, पुणे

मी येथे मानसिक आरोग्य परिचर्येत एमएस्सी केले आहे. मला या सर्टिफिकेटसाठी थेट अर्ज करता येईल का?

अनघा, पीएमएचएनपी, इलिनॉय

वैशालीताई, थेट करता येणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा मानसिक आरोग्य परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट-बेसिक डिप्लोमा नोंदणीकृत परिचारिकेला करता येतो, तसे हे नाही. अमेरिकेत मान्यताप्राप्त एमएसएन किंवा डीएनपी (परिचर्येतील डॉक्टरेट) झालेल्यांसाठी, आणि बहुतेक ठिकाणी आधीच प्रगत परिचर्येत असलेल्यांसाठी, हा अभ्यासक्रम असतो. तुमच्या शिक्षणाचे मूल्यांकन, एनसीएलईएक्स ही परवान्यासाठीची परीक्षा आणि एखाद्या राज्याचा आरएन परवाना झाल्यावर पीएमएचएनपी शाखेच्या एमएसएन किंवा डीएनपीसाठी अर्ज करणे हा तुमचा मार्ग आहे. मूल्यांकनासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि तुमचे विद्यापीठ या दोन्हींकडून कागदपत्रे थेट पाठवली जावी लागतात, त्यामुळे पुण्यात असतानाच ती प्रक्रिया सुरू केलेली बरी.