बारा डमीत पितृपक्ष मावत नाही
बारा महिन्यांचे डमी (दर महिन्यासाठी एक, ० किंवा १ असा चल) टाकले की आकड्यांतला हंगामी चढउतार निघून जातो, असा सल्ला दिला जातो; पण मुंबईच्या घरनोंदणीच्या मासिक आकड्यांना तो पुरत नाही. पाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला. पितृपक्षही असाच सरकतो. त्याचे किती दिवस कोणत्या महिन्यात पडले, हा वेगळा चल घ्या. एक्स-१३ या हंगामी चढउतार काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ईस्टरची सोय तयार मिळते, आपले सण आपणच भरायचे!

खरी गोची २०२० ची. सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्के, मग मार्चअखेरपर्यंत ३. २ टक्क्यांची सवलत संपण्याआधीची डिसेंबरची ती झुंबड हंगामी नव्हती. त्यात दस्तावर सह्या झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात, म्हणजे विक्रीचा महिना वेगळा, नोंदणीचा वेगळा असू शकतो. सवलतीच्या या काळाला स्वतंत्र डमी द्या, नाहीतर पुढच्या डिसेंबरांचे अंदाज उगाच फुगतील.