मदत हवी आहे: ६४ रेपोंना एकच सीआय लावायचाय, पीआर मर्ज होत नाहीयेत

चिंचेचं_झाड:
कुणीतरी लवकर सांगा, उद्या सकाळी रिलीज आहे. आमच्याकडे ६४ रेपो (कोडचे वेगवेगळे साठे), प्रत्येकात सीआयची फाइल (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी) कुणीतरी कधीतरी कॉपी करून टाकलेली, कुठे नोडचं जुनं व्हर्जन, कुठे टेस्टची स्टेप कमेंट केलेली, एका ठिकाणी तर सिक्युरिटी स्कॅनच काढून टाकलाय आणि कुणाला पत्ता नाही. म्हणून एका कॉमन रेपोत सगळ्यांसाठी वर्कफ्लो (सीआयच्या स्टेप्सची फाइल) लिहिला आणि आधी दोन रेपोंत लावून बघितला. पीआरवर (बदल मुख्य कोडात घ्यायची विनंती) टेस्ट हिरव्या होतात पण मर्जचं बटण उघडत नाही, खाली "वेटिंग फॉर स्टेटस टू बी रिपोर्टेड" असं कालपासून तसंच दिसतंय. रीरन केलं, पीआर बंद करून परत उघडला. काय करू?

खडकमाळ:
कोड कुठे ठेवलाय, गिटहबवर का? प्लॅन कुठला? ब्रांच प्रोटेक्शनमध्ये (मर्जआधी काय पास व्हायला हवं ते ठरवणारं सेटिंग) काय काय टाकलंय ते लिहा ना, त्याशिवाय कसं सांगणार.

ओसरीवरचा:
आम्ही गिटलॅबवर आहोत, तिथे इन्क्लूडची एक ओळ टाकली की सगळीकडे तोच पाइपलाइन. हलवून टाका एकदाचं.

चिंचेचं_झाड:
गिटहबच, टीम प्लॅन. उद्या रिलीज आहे हो, गिटलॅबवर कुठे हलवू आता?

रानमेवा:
मूळ चूक ६४ रेपो करण्यात आहे. एक मोनोरेपो करा, म्हणजे सगळा कोड एकाच रेपोत, आमचे सगळे प्रश्न त्याने सुटले.

खडकमाळ:
रानमेवा, त्यांना आज रात्री मर्ज करायचंय.

दुपारची_पाळी:
ऑर्ग लेव्हलच्या रूलसेटमध्ये (अख्ख्या संस्थेच्या रेपोंना लावायचे नियम) वर्कफ्लोच रिक्वायर्ड करता येतो, मग कुणाला आपल्या रेपोत तो काढताच येत नाही. पण त्याला एंटरप्राइज प्लॅन लागतो, टीमवर नाही मिळणार. बाकी कॉमन वर्कफ्लो कसा बोलावताय, @मेन लावून, म्हणजे कायम ताजा असेल तो? तसं करू नका. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या ॲक्शनचं (वर्कफ्लोत वापरायचा बाहेरचा तयार तुकडा) काय झालं आठवतंय ना, हल्लेखोरांनी जुने टॅगसुद्धा (व्हर्जनची नावं) आपल्या कमिटवर वळवले आणि लोकांचे सिक्रेट्स (पासवर्ड, टोकन) लॉगमध्ये छापले गेले. पूर्ण कमिट हॅशच लिहा, तो एकाच कमिटला बांधलेला असतो, टॅगसारखा वळवता येत नाही.

रानमेवा:
अहो पण ते बाहेरच्यांच्या ॲक्शनचं झालं. स्वतःचा कॉमन रेपो हॅशने पिन केलात तर दर बदलाला ६४ पीआर, मग कॉपी-पेस्टमध्ये आणि यात फरक काय राहिला?

दुपारची_पाळी:
बरं, हे पटलं. कॉमन वर्कफ्लोच्या आत बाहेरच्या ॲक्शन हॅशने पिन करा, आणि त्या वर्कफ्लोला v१ असा सरकता टॅग ठेवा, फक्त तो टॅग हलवायचा हक्क दोघातिघांनाच द्या.

नवी_पालवी:
माझा भाचा यंदा बीई झाला, त्याने डेव्हऑप्ससाठी आधी काय शिकावं? डॉकर की क्लाउड?

खडकमाळ:
ताई, वेगळा धागा काढा, नक्की सांगतो. @चिंचेचं_झाड, ब्रांच प्रोटेक्शनचं अजून सांगितलं नाहीत.

चिंचेचं_झाड:
त्यात "टेस्ट" नावाचा चेक रिक्वायर्ड आहे, तो पहिल्यापासूनच आहे म्हणून लिहिलं नाही.

खडकमाळ:
तेच तर! जॉब (वर्कफ्लोतलं एक काम) कॉमन वर्कफ्लोतून चालला की चेकचं नाव बदलतं, बोलावणाऱ्या जॉबचं नाव, मग तिरकी रेघ, मग आतल्याचं, म्हणजे तुमचं "सीआय / टेस्ट" झालं असणार. गिटहब अजून नुसत्या "टेस्ट"ची वाट बघतंय आणि त्या नावाचा जॉब आता कधीच चालणार नाही. ६४ ठिकाणी सेटिंग बदलत बसू नका, प्रत्येक रेपोच्या फाइलमध्ये शेवटी "टेस्ट" नावाचाच छोटा जॉब ठेवा, नीड्समध्ये सीआय टाका, म्हणजे तो सीआयनंतर चालेल. पण त्यात इफ ऑलवेज (आधीचं फेल झालं तरी चाल) लिहा आणि सीआयचा रिझल्ट सक्सेस नसेल तर जॉब फेल करा, हे विसरू नका. नाहीतर सीआय लाल झाला की हा जॉब स्किप होतो, आणि स्किप झालेला जॉब रिक्वायर्ड चेकमध्ये पास धरला जातो. आमच्याकडे असाच तुटका कोड मर्ज झाला होता, दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

चिंचेचं_झाड:
झालं!! पहिला रेपो मर्ज. दुसऱ्यात मात्र फक्त रीडमी बदललेला पीआर अजून तसाच.

दुपारची_पाळी:
वर फाइलमध्ये पाथ्स फिल्टर (कुठल्या फाइली बदलल्या तर चालायचं ते ठरवणारा) आहे का? त्याने अख्खा वर्कफ्लोच सुरू होत नाही, मग चेक लटकून राहतो. फिल्टर काढा, आणि काय बदललं ते बघून आतल्या स्टेप्सवर इफ लावा, म्हणजे जॉब चालेल आणि हिरवाही होईल.

चिंचेचं_झाड:
होता, पाथ्स-इग्नोर. काढला, गेला. आता मुद्दाम एक टेस्ट मोडून बघितली, सीआय लाल, "टेस्ट"ही लाल, मर्ज बंद. खडकमाळ, दुपारची_पाळी, मनापासून आभार. स्कॅन काढलेला रेपो उद्या रिलीजनंतर लगेच घेतो, बाकीचे ६१ रोज पाच-सहा करून.