मदत हवी आहे: ओआरएसमध्ये साखर नेमकी कशासाठी?

मुलगी अकरावीला आहे, सायन्सला. काल तिला परासरण (पेशीच्या पडद्यातून पाणी जास्त क्षार किंवा साखर असलेल्या बाजूला जाणं) दाखवायला बटाट्याच्या दोन चकत्या घेतल्या, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या. तासाभराने मिठातली पार लुळी पडली, बोटाभोवती गुंडाळता येत होती. इथपर्यंत मीही हुशार! मग तिने विचारलं, "मीठ पाणी बाहेर ओढतं, तर जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कशाला देतात?"

वाचून एवढं कळलं: आतड्याच्या पेशीत ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांसोबत शिरतो आणि पाणी मागोमाग जातं. पेशीत सोडियम कमी राहतो, कारण रक्ताकडच्या बाजूचा पंप एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो. डब्ल्यूएचओच्या ओआरएसमध्ये लिटरला सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल असतात, ते बहुधा याचसाठी.

अडलंय पुढे. ग्लुकोज पेशीतून रक्ताकडे जाताना एटीपी लागत नाही म्हणे. मग ते सुलभ विसरण ना, म्हणजे ऊर्जा न खर्चता वाहक प्रथिनातून जास्तीकडून कमीकडे जाणं? आणि आत शिरताना थेट एटीपी लागत नसूनही त्याला सक्रिय वहन (ऊर्जा खर्चून होणारी ने-आण) का म्हणायचं? साखर जास्त पडली की जुलाब वाढतात, तेही बटाट्याच्याच न्यायाने का?

कोणी सोप्या मराठीत सांगेल का? सोमवारी तिची टेस्ट आहे.