जेल नखे पार्लरमध्ये काढून घेतानाचे अनुभव

सांजवात:
परवा प्रतीक्षागृहात शेजारी बसलेली एक मुलगी अंगठ्यावरच्या जेलचा सुटलेला कोपरा उचकटत होती. पापुद्रा निघताना झालेला बारीकसा आवाज ऐकला आणि मला माझी पहिली जेल नखे आठवली. तेव्हा पार्लरमध्ये फॉईल गुंडाळून जेमतेम पाच मिनिटे झाली असतील, तोच धातूच्या पुशरने खरवडणे सुरू झाले. निघालेल्या तुकड्यांच्या आतल्या बाजूला माझ्याच नखाचा पांढरट थर चिकटलेला होता, आणि पुढे कितीतरी दिवस कोमट पाणीही बोटांना झोंबत असे. ज्यांची जेल नीट निघाली, त्यांनी काय केले ते सविस्तर लिहावे.

पिंपळपान:
पाच मिनिटांत ते सुटणारच नाही. मी हेच काम करते, म्हणून लिहिते. सर्वांत आधी वरचा चकचकीत टॉप कोट फाइलने घासून नाहीसा करावा लागतो, कारण तो शाबूत असेल तर ॲसिटोन आत शिरतच नाही. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन किंवा क्युटिकल ऑइल लावून, नखाएवढाच कापसाचा तुकडा शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा आणि वरून फॉईल घट्ट गुंडाळायचे. दहा ते पंधरा मिनिटांनी एकच बोट उघडून पाहावे. जेल फुगून, सुरकुतून कडेने उचलले गेले असेल, तर लाकडी काडीने हलकेच ढकलताच ते सरकते. अडले, तर पुन्हा कापूस भिजवून आणखी पाच मिनिटे थांबावे. काडीला जोर द्यावा लागतो आहे, याचा अर्थ जेल अजून नखाला धरून आहे आणि ते निघताना नखाचे थर सोबत घेऊन येणार. पार्लर पारखायचे असेल, तर अडलेल्या नखावर ती बाई पुन्हा फॉईल चढवते की पुशर उचलते, एवढेच पाहावे.

घाईगर्दी:
दहाही बोटे फॉईलमध्ये गेली रे गेली, की नाक खाजू लागते आणि फोनही नेमका तेव्हाच वाजतो. सध्या डावा हात मोकळा आहे, म्हणून एवढे तरी लिहिता आले.

पिंपळपान:
@घाईगर्दी, एका वेळी एकच हात गुंडाळायला सांगत जा. वेळ थोडा जास्त जातो, पण शेवटच्या बोटाचे जेल उघड्यावर पुन्हा कडक होत नाही.

निळीशाई:
माझ्या मावसबहिणीची नखे कितीही भिजवली तरी सुटेनात, तेव्हा चौकशीत कळले की तिला हार्ड जेल लावले होते. ते ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, फाइलने किंवा ड्रिलनेच उतरवावे लागते. त्यामुळे लावतानाच प्रकार विचारून घ्यावा, विशेषतः काढायला दुसरीकडे जाणार असाल तर. ड्रिल चालू असताना चटका बसला, तर सौजन्य बाजूला ठेवून हात मागे घ्यावा.

रातपाळी:
विषय थोडा वेगळा आहे, पण उपयोगाचा आहे. मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र नखातून प्रकाश सोडून मोजणी करते आणि गडद रंगाने किंवा जाड थराने त्यात फरक पडू शकतो. शिवाय नखाचा मूळ रंगही आम्हाला पाहायचा असतो. ठरलेली शस्त्रक्रिया असल्यास निदान काही दिवस आधी जेल काढून घ्यावे. आदल्या रात्री घरी ओरबाडून आलेली बोटे आम्ही नेहमी पाहतो आणि फार वाईट वाटते.

कोरडीहवा:
मला जेल लावणे कायमचे बंद करावे लागले. आधी बोटांच्या टोकांना खाज सुटली, मग पापण्या सुजल्या, आणि पापण्यांचा नखांशी संबंध असेल असे मला मुळीच वाटले नव्हते. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट (संशयित रसायने पट्टीने त्वचेवर चिकटवून पाहण्याची तपासणी) करून जेलमधल्या मेथाक्रिलेट या रसायनांची ॲलर्जी असल्याचे सांगितले. हीच रसायने दाताच्या काही फिलिंगमध्येही असतात, म्हणून आता दंतवैद्यांनाही आधी कल्पना द्यावी लागते. खाज किंवा लाली असताना काढायला जाणार असाल, तर पार्लरमध्ये ते आधीच सांगा. घासताना उडणारी भुकटी कातडीवर बसू देऊ नका.

सांजवात:
सर्वांचे आभार. @पिंपळपान ताई, लवकर सुटावे म्हणून काही ठिकाणी ॲसिटोनची वाटी गरम करतात, ते योग्य आहे का? आणि पातळ झालेले नख पूर्ववत व्हायला किती काळ लागतो?

पिंपळपान:
वाटी विस्तवावर किंवा हीटरवर मुळीच ठेवू नये. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसलाच उकळते आणि त्याची वाफ ठिणगीनेही पेट घेते, म्हणून खोलीत हवा खेळती हवी आणि जवळपास ज्योत नको. फॉईलवरून कोमट टॉवेल गुंडाळला, तर तेवढी ऊब पुरते. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे खरवडलेला भाग पूर्ण पुढे सरकायला सुमारे सहा महिने जातात. तोवर नखे आखूड ठेवा आणि हात धुतल्यावर तेल लावत जा. नख घासून गुळगुळीत करायचा बफर मात्र फिरवू देऊ नका, आधीच पातळ झालेले नख त्याने आणखी झिजते.

घाईगर्दी:
उजवा हातही मोकळा झाला. एका बोटाला दुसऱ्यांदा फॉईल चढवले गेले, मी न सांगता.